बेसबॉलमध्ये खेळाडू घडवून बढत कशी मिळवायची: मोजमापापासून सरावाच्या आखणीपर्यंत

डिसेंबर २०१३ मध्ये मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतल्या ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाने कॉलिन मॅकह्यू नावाचा एक पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) जवळजवळ फुकटात उचलला. कोलोरॅडो रॉकीजने त्याला सोडून दिलं होतं आणि तोवर मेजर लीगमध्ये तो दर ९ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, जवळपास ९ धावा देत आला होता. ॲस्ट्रोजच्या लोकांनी मात्र त्याच्या कर्व्हबॉलची (खाली वळणाऱ्या संथ चेंडूची) रडारने मोजलेली फिरकी पाहिली होती. त्यांनी त्याला सांगितलं: सिंकर कमी कर, फोर-सीम फास्टबॉल स्ट्राइक झोनच्या वरच्या भागात टाक आणि कर्व्हबॉल जास्त वापर. (सिंकर म्हणजे शेवटी खाली जाणारा वेगवान चेंडू, फोर-सीम म्हणजे सरळ वेगवान चेंडू. स्ट्राइक झोन म्हणजे फलंदाजासमोरची कल्पित चौकट; तिच्यातून गेलेला चेंडू सोडला तर ‘स्ट्राइक’ धरला जातो, आणि तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, म्हणजे स्ट्राइकआउट.) २०१४ च्या मोसमात दर ९ इनिंगमागे त्याने फक्त २.७३ धावा दिल्या.

याच संघाने तीन महिन्यांनी, मार्च २०१४ मध्ये, जे. डी. मार्टिनेझला काढून टाकलं. मार्टिनेझने त्या हिवाळ्यात क्रेग वॉलनब्रॉक आणि रॉबर्ट व्हॅन स्कॉयक या खासगी प्रशिक्षकांकडे जाऊन आपला स्विंग मुळापासून बदलला होता. संघाने त्याला मागच्या मोसमांच्या आकड्यांवर तोललं. डेट्रॉइट टायगर्सने त्याला घेतलं आणि त्याच वर्षी त्याने .३१५ ची सरासरी (दर हजार प्रयत्नांत ३१५ यशस्वी फटके) राखली आणि २३ होम रन (कुंपणापलीकडचे फटके) मारले. २०१७ मध्ये होम रनचा आकडा ४५ वर गेला.

संघ एकच, माणसं तीच, यंत्रंही तीच. मॅकह्यूच्या बाबतीत त्यांनी ‘हा काय करू शकेल’ हे विचारलं आणि मार्टिनेझच्या बाबतीत ‘याने काय केलं’ एवढ्यावर थांबले. खेळाडू घडवून मिळणारी सगळी बढत या पहिल्या प्रश्नात आहे. खेळाडू बदलू शकतो हे धरून चाला, बदल कुठे शक्य आहे ते मोजा, त्यासाठी त्याला अवघड वाटेल असा सराव द्या आणि पुन्हा मोजा. हा लेख या चक्राबद्दल आहे. शाळा-कॉलेजचा किंवा क्लबचा संघ चालवणाऱ्याला यातलं बरंच काही थोड्या साधनांत करता येतं.

ही कल्पना नवी नाही

ब्रुकलिन डॉजर्स संघाचा प्रमुख ब्रँच रिकी याने १९४८ मध्ये फ्लोरिडातल्या व्हेरो बीचला संघाचं प्रशिक्षण केंद्र उभं केलं. तिथे होम प्लेटवर (फलंदाज उभा राहतो त्या जागी) दोऱ्या ताणून स्ट्राइक झोनची चौकट बांधलेली असे आणि पिचर त्या चौकटीतून चेंडू टाकत. आकडे पाहायला रिकीने ॲलन रॉथला १९४७ मध्येच पगारी नोकरीवर घेतलं होतं.

कॅन्सस सिटी रॉयल्सचे मालक युइंग कॉफमन यांनी १९७० मध्ये सारासोटाला अकादमी काढली. साडेसात हजारांहून जास्त मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि ४२ निवडली. बेसबॉलमधली कामगिरी बाजूला ठेवून धावण्याचा वेग, दृष्टी, प्रतिक्षिप्त क्रिया आणि शरीराचा तोल पाहिला. खर्चाच्या कारणावरून १९७४ मध्ये अकादमी बंद पडली, पण तिथून फ्रँक व्हाइट बाहेर पडला होता. पुढे सेकंड बेसवर (मैदानातल्या चार टप्प्यांपैकी दुसऱ्यावर) त्याने क्षेत्ररक्षणाचे ८ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. ती अकादमी बंद करणं ही त्या काळातली मोठी चूक होती असं मला ठामपणे वाटतं. कॉफमन यांचा प्रश्न बरोबर होता, उत्तर पडताळायची साधनं तेवढी अजून आली नव्हती.

ती साधनं आता आहेत. गोल्फसाठी बनलेलं ट्रॅकमॅनचं रडार बेसबॉलमध्ये आलं, २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही मोजमाप यंत्रणा बसली आणि २०२० पासून तेच काम हॉक-आय कॅमेरे करू लागले. चेंडूचा वेग, फिरक्या, फिरकीचा अक्ष, बॅटवरून सुटताना वेग आणि कोन, सगळं हाताशी आलं. आता सगळ्यांकडे तेच आकडे असतात, त्यामुळे बढत मिळते ती आकड्यापासून सरावापर्यंतचं अंतर जो लवकर कापतो त्याला.

पायरी १: आधी मोजा, तोवर कुणाला काही बदलायला सांगू नका

नव्या मोसमाचे पहिले दोन-तीन आठवडे फक्त मोजण्यासाठी ठेवा. प्रशिक्षकाला हे फार जड जातं, कारण पहिल्याच दिवशी पाच दोष दिसतात आणि जीभ शिवशिवते. पण मूळ आकडा नोंदलेला नसेल तर सहा आठवड्यांनी सुधारणा झाली की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

साधनं मोजकी पुरतात: एक रडार गन, सेकंदाला २४० चौकटी टिपणारा फोन, तिपाई, स्टॉपवॉच आणि वही. परवडत असेल तर चेंडूची फिरकी मोजणारं रॅपसोडोसारखं यंत्र आणि बॅटच्या मुठीला लावायचा ब्लास्ट मोशनसारखा सेन्सर. पिचरचा सर्वांत जास्त आणि सरासरी वेग, प्रत्येक प्रकारच्या चेंडूत स्ट्राइकचं प्रमाण आणि सत्राच्या शेवटी वेग किती उतरतो ते लिहा. फलंदाजाचा बॅटचा वेग, टीवर (चेंडू ठेवायच्या दांडीवर) ठेवलेल्या आणि समोरून आलेल्या चेंडूवर बॅटवरून सुटणारा वेग, आणि झोनबाहेरच्या चेंडूंवर तो किती वेळा बॅट फिरवतो ते लिहा. कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) हातात चेंडू आल्यापासून तो सेकंड बेसवर पोहोचेपर्यंतचा वेळ घ्या. मेजर लीगमध्ये तो साधारण २ सेकंद असतो.

मोजताना परिस्थिती दरवेळी सारखी ठेवा. सोमवारी ताज्या अंगाने घेतलेला वेग आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला वेग एकाच रकान्यात लिहिले तर ती वही फसवते.

पायरी २: प्रत्येकासाठी एकच काम निवडा

जपानी खेळाडू शोहेई ओहतानीने हानामाकी हिगाशी शाळेत असताना भरलेला तक्ता बेसबॉलप्रेमींना माहीत असेल. मधल्या चौकोनात ‘८ संघांची पहिली पसंती’ हे ध्येय, भोवती शरीर, नियंत्रण, ताशी १६० किलोमीटर वेग असे ८ चौकोन आणि त्यांतल्या प्रत्येकाभोवती आणखी ८ कामं. तक्ता मोठा दिसतो, पण प्रत्येक कोपऱ्यातलं काम लहान आणि आज करता येईल असं आहे. त्याच्यासारख्या मुलाला इतकं पेलतं. बाकीच्यांना एका वेळी एक काम पुरे.

ते निवडताना मी तीन गोष्टी पडताळायला सांगेन. ही गोष्ट सुधारली तर धावांमध्ये खरोखर फरक पडेल का? ही गोष्ट सरावाने बदलते का? आणि खेळाडूला ती बदलायची आहे का? दुसऱ्या प्रश्नावर बरेच संघ घसरतात. उदाहरणार्थ, फास्टबॉलच्या फिरक्यांची संख्या वेगाशी बांधलेली असते आणि नुसत्या सरावाने फारशी वाढत नाही. काही पिचर चिकट पदार्थ लावून ती वाढवत होते, आणि जून २०२१ मध्ये मेजर लीगने त्यावर कडक तपासणी सुरू केली. फिरकीचा अक्ष मात्र पकड आणि मनगट बदलून बदलता येतो, कोणता चेंडू किती वेळा टाकायचा हे तर उद्यापासून बदलता येतं. म्हणून फिरक्यांमागे धावू नका, अक्ष आणि वापराचं प्रमाण यांवर काम करा.

पिचर गेरिट कोलचं उदाहरण इथे नीट बसतं. २०१७ मध्ये पिट्सबर्गकडून त्याने २०३ इनिंगमध्ये १९६ फलंदाज स्ट्राइकआउट केले. जानेवारी २०१८ मध्ये तो ॲस्ट्रोजकडे आला, सिंकर जवळजवळ सोडला, फोर-सीम झोनच्या वर टाकू लागला, कर्व्हबॉल वाढवला. हात तोच होता, पण त्या वर्षी २००⅓ इनिंगमध्ये २७६ स्ट्राइकआउट झाले, आणि २०१९ मध्ये ३२६. जे चेंडू त्याच्याकडे आधीच होते त्यांचा वापर बदलला, एवढंच. एखाद्या पिचरला नवा चेंडू शिकवण्याआधी त्याच्या जुन्या चेंडूंची वाटणी तपासा.

काम ठरलं की ते एका वाक्यात, आकड्यासह लिहा आणि खेळाडूकडून त्याच्याच शब्दांत पुन्हा वदवून घ्या. ‘फास्टबॉल सुधारायचा’ असं लिहू नका. ‘सहा आठवड्यांत झोनच्या वरच्या तिसऱ्या भागात दहापैकी सहा फास्टबॉल’ असं लिहा.

पायरी ३: सराव सामन्यापेक्षा अवघड करा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा, आणि पाळायला सर्वांत कठीणही हाच.

बहुतेक संघांचा फलंदाजीचा सराव अजूनही असा दिसतो: प्रशिक्षक जवळून, मध्यम वेगाने, मध्यभागी चेंडू टाकतो, फलंदाज एकामागून एक जोरदार फटके मारतो, सगळे खूश होऊन घरी जातात. सामन्यात ताशी ९५ मैल वेगाचा चेंडू पिचरच्या हातातून सुटून प्लेटवर यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात चेंडू कोणता, कुठे येतोय, मारायचा की सोडायचा हे ठरवून बॅट फिरवायची असते. सोप्या सरावात यातलं ठरवणं घडतच नाही.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्निया पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या कॉलेज खेळाडूंचे तीन गट केले होते. दोन गटांना सहा आठवडे जादा सराव मिळाला, प्रत्येक सत्रात ४५ चेंडू: १५ फास्टबॉल, १५ कर्व्हबॉल, १५ चेंज-अप (फास्टबॉलसारखा भासणारा संथ चेंडू). एका गटाला ते ओळीने, एक प्रकार संपला की दुसरा, असे मिळाले. दुसऱ्या गटाला तेच ४५ चेंडू मिसळून मिळाले. तिसऱ्या गटाला जादा सराव नव्हता. शेवटच्या, मिसळलेल्या चेंडूंच्या चाचणीत ओळीने खेळलेला गट सुमारे २५ टक्के सुधारला, मिसळून खेळलेला सुमारे ५७ टक्के, आणि तिसरा ६ टक्के. चेंडू तेवढेच आणि वेळही तेवढाच होता, बदलला होता तो फक्त क्रम.

बाल्टिमोर ओरिओल्सने आपल्या मायनर लीग (मेजर लीगखालच्या) संघांत याच विचाराने अवघड मशिनवरचा सराव रुजवला. २०२१ मध्ये ११० सामने हरलेला हा संघ २०२३ मध्ये १०१ सामने जिंकला. त्यात ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) वरच्या निवडींचा वाटा मोठा होता हे खरं. पण निवडलेली मुलं वर येऊन लगेच टिकली, यात त्या सरावाचाही हात होता असं मी मानतो. आता तर ट्राजेक्ट नावाचं मशिन समोरच्या संघाच्या पिचरचं चित्र दाखवून त्याच्यासारखाच चेंडू टाकतं, आणि २०२४ पासून सामना चालू असतानाही ते वापरायची परवानगी आहे.

तुमच्याकडे असं मशिन नसेल. तरी एक सत्र कसं आखायचं ते पाहू. फलंदाज पाचच चेंडू खेळतो आणि बाहेर येतो. त्या पाचांत दोन फास्टबॉल, दोन वळणारे, एक मुद्दाम झोनबाहेर, आणि क्रम टाकणारा ठरवतो. चेंडू सुटताक्षणी फलंदाजाने मोठ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, मग बॅट फिरवायची किंवा थांबवायची. मागे उभा असलेला सहकारी वहीत दोन खुणा करतो: निर्णय बरोबर होता का, फटका जोरदार होता का. पाच चेंडूंनंतर फलंदाज श्वास घेतो, वही पाहतो आणि रांगेत शेवटी जाऊन उभा राहतो. मशिन असेल तर ते प्लेटच्या दोन पावलं जवळ आणा, वेग न वाढवता वेळ कमी होतो.

अशा सत्रात फटक्यांचा आवाज कमी येईल. खेळाडू वैतागतील आणि पालक किंवा व्यवस्थापक विचारतील की मुलं इतकी का चुकतायत. त्यांना आधीच सांगून ठेवा. दहापैकी सहा-सात वेळा यश मिळेल इतकं अवघड ठेवा. नऊ वेळा मिळालं तर काठिण्य वाढवा, चार वेळा मिळालं तर उतरवा. आणि सामन्याच्या दिवशी सामन्याआधी त्याला चार सोपे चेंडू मनसोक्त मारू द्या. तो सराव नाही, आत्मविश्वासाची सोय आहे, आणि तिलाही जागा आहे.

पायरी ४: पिचर

नवा चेंडू घडवण्याचं काम जवळून पाहिलं तर ते फार शांतपणे चालतं. समजा एक पिचर स्वीपर शिकतोय. स्वीपर म्हणजे आडवा खूप वळणारा स्लायडर, स्टॅटकास्टने तो २०२३ पासून वेगळा मोजायला घेतला. पिचर बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) आहे, फोन किंवा वेगवान कॅमेरा त्याच्या हातावर रोखलेला आहे. चेंडूवर जाड काळ्या पेनाने एक पूर्ण वर्तुळ काढलंय. तो टाकतो. आकडा बघण्याआधी प्रशिक्षक विचारतो, “काय वाटलं?” तो म्हणतो, “मधलं बोट उशिरा सुटलं.” मग चित्र संथ करून पाहतात: काळी रेघ लडखडत गेली की स्थिर दिसली, कोणतं बोट शेवटी लागून होतं, शिवण कुठे होती. मग बोट शिवणीवर अर्धा सेंटिमीटर सरकवायचं आणि पुन्हा टाकायचा. असे पंधरा-वीस चेंडू, त्याहून जास्त नाही.

‘काय वाटलं’ हा प्रश्न आधी आणि आकडा नंतर, हा क्रम पाळाच. सामन्यात त्याच्यासोबत यंत्र नसतं, बोटांची जाणीवच असते. तिला आकड्याशी जोडणं हाच या सत्राचा उद्देश. शिवणीची दिशा बदलली की हवेचा प्रवाह चेंडूवरून वेगळ्या जागी सुटतो आणि फिरकी न वाढवताही चेंडू जास्त सरकतो, हे युटा स्टेट विद्यापीठात बार्टन स्मिथ यांच्या प्रयोगशाळेत नीट उलगडलं गेलं. पकड बदलताना म्हणूनच फक्त फिरक्यांकडे पाहून चालत नाही, शिवणही पाहावी लागते.

आता वेग. मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९२ मैलांच्या आसपास होता, अलीकडे तो ९४ च्या वर आहे. सिएटलजवळच्या केंटमध्ये काइल बॉडी यांनी सुरू केलेल्या ड्राइव्हलाइनसारख्या केंद्रांनी जड आणि हलक्या चेंडूंचा सराव, ताकदीचं प्रशिक्षण आणि हालचालीचं मोजमाप एकत्र आणलं, आणि २०१९ च्या अखेरीस सिनसिनाटी रेड्सने बॉडी यांनाच पिचिंगच्या कामावर घेतलं. बाहेर घडलेल्या पद्धती संघांनी अशा आत आणल्या.

वेग वाढवायचाच असेल तर क्रम असा ठेवा: आधी पाय, नितंब आणि पाठीची ताकद, मग धड आणि खांद्याची हालचाल, मग फेकण्याचं तंत्र, आणि जड चेंडू सर्वांत शेवटी, तेही देखरेखीखाली. नेहमीचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ ते १८ वयाच्या पिचरना सहा आठवडे जड-हलके चेंडू दिले. वेग ३.३ टक्क्यांनी वाढला, आणि त्या गटातले २४ टक्के जखमी झाले. तुलनेच्या गटात कुणीच झालं नाही. हा आकडा वाचल्यावर वाढत्या वयाच्या मुलांच्या हातात जड चेंडू देण्याची घाई कुणीही करू नये.

दुखापतीबद्दल मला अगदी स्पष्ट बोलायचंय. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते, डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा १९७४ मध्ये केली, आणि परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने स्वतःच्या अहवालात वाढत्या दुखापतींची कारणं दिली ती अशी: वेगाचा पाठलाग, चेंडूला जास्तीत जास्त हालचाल देण्याचा हव्यास, आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकणं. म्हणजे वर सांगितलेल्या पद्धतींचाच हा दुसरा चेहरा आहे. जो संघ वेग शिकवतो पण ओझं मोजत नाही, तो खेळाडू घडवत नाही, वापरून टाकतो.

तरुण पिचरसाठी मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ मर्यादा भिंतीवर लावा. एका दिवसात ९-१० वर्षांच्या मुलाने ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५ आणि १७-१८ ला १०५ चेंडूंच्या पुढे जायचं नाही. १४ वर्षांपर्यंत ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती. वर्षात किमान चार महिने सामन्यात पिचिंग नाही, त्यातले दोन-तीन महिने सलग खांद्यावरून फेकणंच बंद. बर्मिंगहॅममधल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात वर्षाला आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट दिसली, आणि थकलेल्या हाताने नेहमी टाकणाऱ्यांत ३६ पट. थकवा ओळखायची सोपी खूण म्हणजे वेग ताशी दोन-तीन मैल उतरणं आणि चेंडू झोनच्या वर निसटू लागणं. खूण दिसली की सत्र तिथेच थांबवा, पिचर ‘बरा आहे’ म्हणाला तरी.

पायरी ५: फलंदाज

इलिनॉय विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांचं एक सूत्र प्रत्येक प्रशिक्षकाने पाठ करावं. लाकडी बॅटने नीट लागलेल्या चेंडूचा सुटतानाचा वेग म्हणजे साधारण, बॅटच्या वेगाच्या १.२ पट अधिक येणाऱ्या चेंडूच्या वेगाच्या ०.२ पट. म्हणजे बॅटचा वेग ताशी एक मैल वाढला तर सुटणारा वेग सव्वा मैलाच्या आसपास वाढतो, येणारा चेंडू एक मैल वेगवान झाला तर जेमतेम पंचमांश मैल. सुटणारा वेग एक मैल वाढला तर उंच फटका साधारण पाच फूट लांब जातो. कुंपणाशी झेल आणि होम रन यांत अनेकदा तेवढंच अंतर असतं.

बॅटचा वेग शिकवून वाढतो. मेजर लीगने २०२४ मध्ये हे आकडे खुले केले तेव्हा सरासरी ताशी ७२ मैलांच्या आसपास होती आणि जानकार्लो स्टँटन ८० च्या वर. मूकी बेट्सने २०२३ च्या मोसमाआधी ड्राइव्हलाइनमध्ये जाऊन याच गोष्टीवर मेहनत घेतली आणि त्या वर्षी ३९ होम रन मारले, तोवरचे त्याचे सर्वांत जास्त. पद्धत अशी: आठवड्यातून दोन-तीन दिवस, ताज्या अंगाने, हलकी बॅट, जड बॅट आणि आपली बॅट, प्रत्येकीने मोजके स्विंग, प्रत्येक स्विंग पूर्ण ताकदीने आणि आकडा समोर दिसत. दमल्यावर केलेले शंभर स्विंग शरीराला संथ फिरवायलाच शिकवतात.

पण वेगवान बॅट चुकीच्या चेंडूवर फिरली तर उपयोग शून्य. स्टॅटकास्ट ‘बॅरल’ म्हणतं तो उत्तम फटका ताशी ९८ मैलांपासून आणि २६ ते ३० अंशांच्या कोनापासून सुरू होतो. झोनबाहेर हात लांबवून असा फटका क्वचितच बसतो. म्हणून प्रत्येक फलंदाजाला त्याचा स्वतःचा नकाशा द्या: झोनचे नऊ चौकोन, कुठल्या चौकोनात त्याचा चेंडू सर्वांत जोरात सुटतो ते रंगवलेलं. दोन स्ट्राइक होईपर्यंत त्याने रंगवलेल्या भागातच बॅट फिरवायची. तिसऱ्या पायरीतला ‘हो-नाही’ सराव याच नकाशावर करून घ्या.

फटक्याचा कोन हा शब्द मात्र जपून वापरा. ‘चेंडू वर उचल’ असं सांगितलं की मुलं खांदा पाडून खालून बॅट ओढतात. त्याऐवजी लक्ष्य द्या: नेटच्या मागच्या बाजूला, डोक्याच्या जरा वर बांधलेली दोरी. स्विंग आपोआप जुळवून घेतो.

पायरी ६: कॅचर आणि बेस

इथे थोड्या मेहनतीत पटकन फळ मिळतं. टॅनर स्वॉन्सनने मिनेसोटा ट्विन्समध्ये कॅचरना एक गुडघा जमिनीवर टेकवून बसायला शिकवलं, त्यामुळे झोनच्या खालच्या कडेचे चेंडू खालून वर अलगद घेता येतात आणि पंच स्ट्राइक देतो. त्यांचा कॅचर मिच गार्व्हर २०१८ मध्ये या कामात कच्चा होता, २०१९ मध्ये सुधारला. रोज दहा मिनिटं, मशिनवरून खालच्या कडेला चेंडू, हातमोजा आधी खाली आणि मग वर. तुमच्या लीगमध्ये यंत्र स्ट्राइक ठरवत असेल तर हा वेळ फेकण्यावर द्या.

बेसवर धावणाऱ्याने पिचरची पहिली हालचाल ते कॅचरच्या हातमोज्यापर्यंतचा वेळ घ्यायला शिकावं. त्यात कॅचरचे दोन सेकंद मिळवून ती बेरीज आपल्या धावण्याच्या वेळेशी ताडली की पुढच्या बेसकडे धावायचं की नाही याचं उत्तर मिळतं.

पायरी ७: खेळाडूशी बोलणं

चांगल्यातला चांगला आकडा वाईट शब्दांत सांगितला तर खेळाडू बिघडतो. गॅब्रिएले वुल्फ यांच्या संशोधनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: लक्ष शरीराच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा बाहेरच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल लवकर आणि पक्की बसते. म्हणून ‘कोपर वर ठेव’ ऐवजी ‘कॅचरच्या मास्कमधून आरपार टाक’. ‘नितंब आधी फिरव’ ऐवजी ‘शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) डोक्यावरून जोरात’.

संघात निदान एक माणूस असा हवा ज्याला आकडेही कळतात आणि ड्रेसिंग रूममध्येही ज्याचं ऐकलं जातं. आणि खेळाडू बाहेरच्या प्रशिक्षकाकडे जात असेल तर रागावू नका, त्या प्रशिक्षकाला फोन करा. डॉजर्सने पुढे व्हॅन स्कॉयक यांनाच आपले फलंदाजी प्रशिक्षक केलं. जस्टिन टर्नरलाही न्यूयॉर्क मेट्सने २०१३ च्या अखेरीस सोडलं होतं. खासगी प्रशिक्षक डग लॅटा यांच्याकडे स्विंग बदलून तो डॉजर्सकडे आला आणि २०१४ मध्ये .३४० ने खेळला.

पायरी ८: पोट, झोप आणि डोक्यावर छप्पर

वर्षानुवर्षं मेजर लीग संघ लाखो डॉलर देऊन मुलं करारबद्ध करत आणि मायनर लीगमध्ये त्यांना इतका कमी पगार देत की ती स्वस्तातलं काहीतरी खाऊन, एका खोलीत पाच-सहा जण झोपून दुसऱ्या दिवशी सामना खेळत. टोरोंटो ब्लू जेजने २०१९ मध्ये मायनर लीगचा पगार सुमारे निम्म्याने वाढवला. २०२२ पासून राहण्याची सोय संघांकडे आली आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारानंतर ट्रिपल-ए (मायनर लीगची सर्वांत वरची फळी) मधला किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर झाला. ताकदीचं वेळापत्रक आखण्याआधी खेळाडूने सकाळी काय खाल्लं आणि रात्री किती झोपला हे विचारा. रोजच्या नोंदीत झोपेचे तास, हाताचा दुखरेपणा एक ते दहा आणि वजन, हे तीन रकाने ठेवा. भरायला अर्धं मिनिट लागतं आणि दुखापतीची चाहूल सगळ्यात आधी तिथेच लागते.

निवडीत मागे राहिलेल्यांनाही हीच सोय द्या. जपानमध्ये २००५ पासून ‘इकुसेई’ म्हणजे विकास-खेळाडूंची वेगळी निवड होते. फुकुओका सॉफ्टबँक हॉक्सने २०१० च्या त्या यादीतून पिचर कोदाई सेंगा आणि कॅचर ताकुया काई घेतले, आणि त्यांच्यासाठी पुढच्याच वर्षी तिसऱ्या फळीचा संघ उभा केला. हॉक्सने २०१७ ते २०२० सलग चार वेळा जपान सिरीज जिंकली. सेंगा पुढे मेट्सकडून २०२३ मध्ये पहिल्याच मोसमात २०० हून जास्त स्ट्राइकआउट घेऊन गेला.

पायरी ९: सहा आठवड्यांनी वही उघडा

पहिल्या पायरीतली तीच मोजमापं, तशाच परिस्थितीत पुन्हा घ्या. आकडा हलला असेल तर काम चालू ठेवा आणि काठिण्य एक पायरी वाढवा. सरावात हलला पण सामन्यात नाही, असं दिसलं तर सराव अजून सोपा आहे, क्रम आणखी मिसळा. कुठेच हलला नसेल तर आधी नोंदी पाहा: ठरलेली सत्रं खरोखर झाली का, झोप कमी होती का. सत्रं झाली असूनही फरक नसेल तर काम चुकीचं निवडलं होतं, ते सोडा आणि खेळाडूसोबत बसून नवं निवडा. आणि हात दुखण्याचा रकाना तीन आठवडे चढता दिसत असेल तर बाकीचे सगळे आकडे सुधारलेले असले तरी फेकणं थांबवून डॉक्टरांकडे पाठवा.

खेळाडू सोडायचा की ठेवायचा हा निर्णय या मोजणीनंतरच घ्या. हिवाळ्यात तो बाहेर काय करून आलाय हे विचारा, त्याला पुन्हा मोजा, आणि नव्या स्विंगने त्याला निदान काही आठवडे खरे सामने खेळू द्या.